सहावं नाव

आमच्या इसिक-कुलच्या काठावर मुलगा बोलायला लागला
की आधी सात बापांची नावं शिकवतात.
मी मुलगी, पण घरात दुसरं कुणीच नव्हतं,
म्हणून आजोबांनी ती माझ्याकडे दिली,
जुनं खोगीर द्यावं तशी,
पडून कुजण्यापेक्षा कुणीतरी वापरावं म्हणून.
असिलबेक, मामिरकुल, जुसुप, केरिमबाय,
सागिन, तोलोगोन, बोतोबाय.
धार काढताना म्हणायची मी.
केरिमबाय आला की गाय हटकून पाय आपटायची.

कुबातची ओळख गुरांच्या दवाखान्यातली.
तो मेंढी दाबून धरायचा, मी सुई टोचायची.
चार हिवाळे एकाच थर्मासच्या झाकणातून
आळीपाळीने चहा प्यालो.
त्याच्या निवा गाडीचं माझ्या बाजूचं दार
आतून उघडत नाही.
तो उतरतो, पुढून वळसा घालून येतो,
आणि तेवढा वेळ मी काचेतून
त्याला येताना बघते.
एवढंच.
खरंच एवढंच.

जर्दाळू वाळवून पोत्यांत भरले, त्या आठवड्यात
त्याच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं.
मटणाचे वाटे मानाप्रमाणे फिरत होते.
एका म्हाताऱ्याने कुबातच्या धाकट्या भावाला उभं केलं,
सांग रे, तू कुणाचा?
पोराने छाती काढली
आणि एका दमात म्हणून टाकलं:
तुरात, एर्मेक, सिदिक, ओस्मोन, बायतिक,
तोलोगोन...

माझ्या हातात तळलेल्या बोर्सोकांची परात होती.
ती सांडली नाही.
पंगतीच्या टोकापर्यंत मी वाढत गेले,
कुबातच्या पुढ्यातही दोन जास्त टाकले,
नेहमीसारखे.

तोलोगोन नावाची माणसं काय कमी असतील?
घरी आल्यावर भांडी विसळता विसळता विचारलं, सहज.
आजोबा म्हणाले, ‘तो एकच.
बर्फाने दोन बोटं झडलेला.
दोन बायका केल्या, दोघींना एकेक मुलगा.
का गं?’
‘काही नाही.’

सातच्या आत रक्त एक निघालं की लग्न नाही.
यावर कुणी भांडत नाही आमच्याकडे.
थंडीशी कोण भांडतं?
मी मात्र रात्री बोटं मोजत बसले,
पुन्हा पुन्हा, जणू एखादं बोट वाढेल.
मग लक्षात आलं:
मी दुसऱ्या घरात गेले की माझी पोरं
दुसऱ्याच कुणाचे सात बाप पाठ करतील.
त्यांच्यात तोलोगोन नसेल.
मग कुबातची लेक माझ्या लेकाला चालेल,
हेच म्हातारे मेंढा कापतील, हात वर करून आशीर्वाद देतील.
म्हणजे मी त्याची विहीण होऊ शकते.
अंधारात मला हसू आलं,
आणि मग बराच वेळ थांबवता आलं नाही
ते, जे हसू नव्हतं.

फेब्रुवारीत तो म्हणाला, काराकोलला चल,
मुलगी बघायची आहे, तुला माणसं कळतात.
गेले.
रस्त्याच्या डाव्या हाताला तळं होतं,
बर्फाच्या मधोमध काळंशार, हलतं.
कितीही थंडी पडो, ते गोठत नाही.
आजोबा म्हणतात, मीठ आहे त्यात.

‘तिची सातही नावं तपासली घरच्यांनी,’ तो म्हणाला,
‘एकही जुळत नाही.’
‘बरं झालं.’
काच पुसायला त्याने उगाच वायपर लावला.
‘तुझीही मोजली होती मी,’
समोर बघतच म्हणाला,
‘दोन हिवाळे झाले.’

थर्मासचं झाकण माझ्या हातात होतं.
चहा गार झाला तरी मी तो धरून राहिले.

त्या घराच्या फाटकाशी गाडी थांबली.
तो उतरला, पुढून वळसा घालून आला,
आणि मुठीवर हात ठेवून
जरा जास्तच वेळ उभा राहिला.
काचेवर माझी वाफ, पलीकडे त्याची.
मग दार उघडलं.

‘हे दुरुस्त करून घे आता,’ मी म्हटलं.
‘तिला थांबायची सवय नसेल.’